पाचवीची पायरी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मधुमेह, रक्तदाब किंवा पावसाळी ताप अशा एखाद्या विषयाची माझ्याकडून अपेक्षा असणार, हे मी जाणून होतो. परंतु या विषयांवर आपल्यातील तज्ज्ञ मंडळी माझ्यापेक्षा कितीतरी अधिकाराने लिहितात. मी १९८९ पासून मांद्रे येथे व्यवसाय करणारा एक सामान्य डॉक्टर आहे. इतक्या वर्षांत माझ्या दवाखान्यात वारंवार आलेले एक दुखणे असे आहे की, त्याचे मूळ कोणत्याही पाठ्यपुस्तकात न सापडता गावातल्या शाळेत सापडले. ते समजायला मला बरीच वर्षे लागली आणि तेवढ्या काळात काही मुलांचे नुकसान झाले. म्हणून या वर्षी शाळेविषयी लिहावे असे ठरविले. वाचकांनी विषयांतर समजू नये, ही विनंती.

१९९८ सालच्या जुलै महिन्यात एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. वडील पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडण्याचे काम करणारे. "डॉक्टर, सकाळी उठल्यार हिच्या पोटात दुखता," एवढीच तक्रार. पोट तपासले, मऊ होते. जंताचे औषध दिले. पंधरा दिवसांनी मुलगी पुन्हा आली. लोहाचे टॉनिक दिले. मग आम्लपित्ताचे औषध, मग लघवीची आणि शौचाची तपासणी, शेवटी म्हापशाला पाठवून सोनोग्राफी. सर्व अहवाल व्यवस्थित. दोन वर्षे हे चालले. मधेच आईने सांगितले होते, "आयताराक दुखणा नाय." मी ते ऐकले आणि केसपेपरवर लिहिलेही नाही. पुढे मुलगी येईनाशी झाली, तेव्हा बरी झाली असावी असा मी समज करून घेतला. ती नववीत नापास होऊन शाळा सोडून घरी बसल्याचे मला फार उशिरा कळले.

ती मुलगी त्या जूनमध्ये चौथीतून पाचवीत गेली होती, हा प्रश्न मी तिला दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

आपल्या शाळांची रचना

पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत वाढलेल्यांना पुढील माहिती नवी नाही. तथापि आपल्यापैकी अनेकांची मुले आता या शाळांत जात नाहीत. त्यामुळे थोडी उजळणी करतो.

महाराष्ट्रात गावची प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची असते. गोव्यात तशी व्यवस्था नाही. येथील सरकारी शाळा थेट राज्याच्या शिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत येतात आणि तालुक्यात भागशिक्षणाधिकारी त्यांची देखरेख करतात. पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते आठवी म्हणजे आपण ज्याला मिडल स्कूल म्हणतो तो टप्पा, नववी-दहावी माध्यमिक आणि अकरावी-बारावी उच्च माध्यमिक, अशी परंपरेने चालत आलेली विभागणी आहे.

आपल्या तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी माध्यमाच्या आहेत. पाचवीपासूनच्या बहुतेक शाळा मात्र गावोगावच्या शिक्षणसंस्थांनी उभारलेल्या आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या असून त्यांचे माध्यम इंग्रजी आहे. सरकारी हायस्कुले आहेत, तेथेही पाचवीपासून सर्वसाधारणपणे इंग्रजीच. म्हणजे दहा वर्षांचे मूल मे महिन्याची सुटी संपवून शाळेत जाते, तेव्हा त्याच्यासाठी चार गोष्टी एकाच दिवशी बदलतात. इमारत बदलते. शाळा चालविणारे बदलतात. सगळे विषय शिकविणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या जागी विषयागणिक वेगळे शिक्षक येतात. आणि शिकण्याची भाषा बदलते.

त्यात आपल्या भागाची आणखी एक विशेषता आहे. घरी आपण बोलतो ती पेडणेकरी कोकणी, जी सावंतवाडीकडच्या मालवणीला अगदी लागून आहे. देवळातील भजन-कीर्तन, दशावतार, लग्नपत्रिका आणि सकाळचे वर्तमानपत्र मराठीत. त्यामुळे पहिलीत मराठी पुस्तक हाती आले तरी मुलाला ते परके वाटत नाही. कानावरून गेलेली भाषाच ते वाचू लागते. पाचवीतील इंग्रजीला मात्र घरात, देवळात किंवा बाजारात असा कोणताच आधार नसतो. पहिलीपासून इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकविला जातो हे खरे. पण इंग्रजी हा विषय शिकणे आणि गणित, विज्ञान, इतिहास इंग्रजीतून शिकणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

हे असे कसे घडले?

या रचनेला कोणा एकाला दोष देता येत नाही, कारण ती तुकड्यातुकड्याने तयार झाली आहे. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आला आणि नव्या काबिजादींत मोडू लागला. सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत होते. पणजीचे लिसेंव १८५४ मध्ये सुरू झाले, पण आपल्या खेड्यांतील मुलांसाठी ते फार दूरचे होते. गावांत लिहिणे-वाचणे टिकले ते पंतोजींच्या ओसरीवरील आणि देवळातील मराठी शाळांमुळे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर हिंदू समाजावरील बंधने सैल झाली आणि खासगी मराठी शाळांना बळ मिळाले. पणजीची मुष्टिफंड संस्था त्याआधीच, १९०८ मध्ये, स्थापन झाली होती. घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढून शाळा चालविण्याची कल्पना तिच्या नावातच आहे. पुढील शिक्षणासाठी मात्र सावंतवाडी, बेळगाव किंवा मुंबई गाठावी लागे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. आजच्या साठी-सत्तरीतील आपण सारे त्या शाळांची मुले आहोत. प्राथमिक शाळा झाल्यावर हायस्कुलाची गरज भासू लागली आणि ते काम प्रामुख्याने गावांनी केले. पंचक्रोशीतील मंडळींनी संस्था काढल्या, कोणी जमीन दिली, कोणी चिरे दिले, आणि शिक्षकांच्या पगारासाठी सरकारी अनुदान मिळाले. सुरुवातीची शालान्त परीक्षा महाराष्ट्राच्या मंडळाची होती. १९७५ मध्ये गोव्याचे स्वतःचे मंडळ स्थापन झाले. पदवी, नोकरी आणि वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत असल्यामुळे हायस्कुलांनी इंग्रजी माध्यम धरले, आणि पालकांनाही तेच हवे होते.

त्यानंतर भाषेचे वाद झाले. ४ फेब्रुवारी १९८७ चा राजभाषा कायदा आला. १९९० मध्ये सरकारने असे धोरण स्वीकारले की, प्राथमिक स्तरावर कोकणी, मराठी अशा भारतीय भाषांच्या शाळांनाच अनुदान मिळेल. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि राज्यभर मोठे आंदोलन उभे राहिले. या सर्व घडामोडींतील बाजू आपल्याला ठाऊक आहेत आणि त्यांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. माझे लक्ष वेधले ते एका वेगळ्याच गोष्टीने. हे सगळे वाद पहिल्या चार इयत्तांचे होते. चौथीपर्यंत कोणती भाषा असावी, यावर मोर्चे निघाले, सभा झाल्या, सरकारे अडचणीत आली. पाचवीच्या पहिल्या दिवशी त्या मुलाचे काय होते, यावर मला एकही सभा आठवत नाही. प्राथमिक शाळा म्हणते, आमचे काम चौथीला संपले. हायस्कूल म्हणते, आमच्याकडे मूल कच्चे आले. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. मधली पायरी मात्र कोणाच्याच मालकीची नाही.

आम्लपित्ताऐवजी अंश आणि छेद

२००९ मध्ये असाच एक मुलगा आला. पुन्हा पाचवी, पुन्हा सकाळची पोटदुखी, पुन्हा रविवारी आराम. या खेपेस मला १९९८ ची मुलगी आठवली. मी त्याला दप्तर घेऊन बोलावले आणि गणिताचे पुस्तक उघडून वाचायला सांगितले. त्याने न्यूमरेटर, डिनॉमिनेटर हे शब्द अडखळत का होईना, वाचले. अर्थ विचारला तर मान खाली. मग मी केसपेपरच्या मागे तीन छेद चार लिहून विचारले, यातला अंश कोणता आणि छेद कोणता? तत्काळ उत्तर आले. दोन अपूर्णांकांची बेरीजही त्याने समच्छेद करून दाखविली. शाळेत याच मुलाला गणित येत नाही, अशी नोंद होती, आणि घरी त्यावरून मार बसत होता.

मला माझे स्वतःचे दिवस आठवले. मीही गावच्या मराठी शाळेतून पाचवीत गेलो. पहिल्याच आठवड्यात आम्हांला "मे आय गो आउट, सर?" हे वाक्य पाठ करविले होते. ते एक वाक्य आहे की एकच लांबलचक शब्द, हे मला कळत नव्हते. माझ्या बाकावरील एका मुलाला ऐन वेळी ते आठवले नाही, तो बसून राहिला आणि बाक ओला झाला. सारा वर्ग हसला, मीही हसलो. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत दिसला नाही. मी तरलो तो हुशारीमुळे नव्हे. आमच्या घरी मॅट्रिक झालेले काका होते आणि ते रोज संध्याकाळी दिव्याखाली बसवून धड्याचा अर्थ मराठीत सांगत. ज्या घरात असे काका नसतात, त्या घरातील मुलाचे काय, हा प्रश्न डॉक्टर होऊनही मी वीस वर्षे स्वतःला विचारला नाही.

भाषेचा हिशेब

कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक साधा पण महत्त्वाचा भेद मांडला. बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. खेळताना, दुकानात किंवा मित्रांशी लागणारी दुसरी भाषा मूल साधारण दोन वर्षांत आत्मसात करते. परंतु कारण सांगणे, तुलना करणे, व्याख्या समजणे यासाठी लागणारी अभ्यासाची भाषा त्या भाषेत वाढलेल्या मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि हा अभ्यास अशा देशातील, जेथे शाळेबाहेरही सर्वत्र इंग्रजीच कानावर पडते.

आता हा हिशेब आपल्या मुलाला लावून पाहा. पाचवीत सुरुवात केली, तर सहावे वर्ष म्हणजे दहावी. ज्या वर्षी त्याला भाषा पुरती उमगू लागण्याची शक्यता आहे, त्याच वर्षी मंडळाची परीक्षा उभी असते. मधली वर्षे पाठांतरावर निघतात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण आले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. ढकलत नेणे किंवा मागे ठेवणे, या दोन्ही वाटांनी मूळ दुखणे तसेच राहते. ते नववीत उघडे पडते आणि तोवर मूल चौदा-पंधरा वर्षांचे झालेले असते. किनाऱ्यावरील शॅक, गेस्टहाउस, बांधकामे आणि २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ यांमुळे हाताला काम मिळणेही सोपे असते. शाळा सोडलेला मुलगा रिकामा दिसत नाही, म्हणून त्याची कोणी चिंता करीत नाही.

आपल्या व्यवसायातील बंधुभगिनींसाठी एक उदाहरण देतो. बाळ सहा महिन्यांचे झाले की आपण आईला वरचे अन्न सुरू करायला सांगतो, आणि त्याच वेळी अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवायला सांगतो. एके दिवशी दूध बंद करून दुसऱ्या दिवसापासून भाकरी द्या, असा सल्ला आपल्यापैकी कोणी देणार नाही. मुलाच्या शिकण्याच्या बाबतीत आपण सगळ्यांनी मिळून नेमके हेच चालविले आहे. इंग्रजी हे वरचे अन्न आहे, ते आवश्यकही आहे. त्याला माझा विरोध नाही. दूध एकाएकी तोडण्याला मात्र आहे.

दवाखान्यात काय पाहावे?

ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दहा टक्के मुलांना वारंवार पोटदुखी होती; तीन महिन्यांत निदान तीन वेळा आणि नेहमीच्या व्यवहारात अडथळा आणण्याइतकी तीव्र, अशी त्यांची व्याख्या होती. त्यांतील फारच थोड्या मुलांत शारीरिक कारण सापडले. बेंबीपासून दुखणे जितके दूर, तितकी शारीरिक आजाराची शक्यता अधिक, हा त्यांचा नियम आजही उपयोगी पडतो. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. हे दुखणे खोटे नसते. मुलाला खरोखरच कळ येते. "नाटक करतो" असे म्हणणारा डॉक्टर मुलाचा विश्वास कायमचा गमावतो.

वजन घटणे, उंची न वाढणे, झोपेतून जागे करणारी कळ, ताप, शौचातून रक्त, वारंवार उलटी, उजव्या बाजूला एकाच जागी दुखणे यांपैकी काहीही असल्यास शाळेचा विचार बाजूला ठेवून पूर्ण तपासणी करावी. तसे काही नसेल, तर तपासण्यांची माळ लावण्याआधी चार प्रश्न विचारावेत. मूल कितवीत आहे? शाळा कधी बदलली? सुटीच्या दिवशी दुखते का? वर्गात कोणता तास आवडत नाही? माझा अनुभव असा की, या चार प्रश्नांना पाच मिनिटे लागतात आणि सोनोग्राफीचा खर्च पुष्कळदा वाचतो.

त्याचबरोबर डोळे आणि कान तपासल्याशिवाय भाषेला दोष देऊ नये. जवळच्या दृष्टीचा चष्मा लागण्याचे हेच वय. प्राथमिक शाळेत दहा-पंधरा मुले असतात आणि फळा चार हातांवर असतो. हायस्कूलच्या भरलेल्या वर्गात मागच्या बाकावर गेल्यावर दिसत नसल्याचे प्रथम लक्षात येते. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणारे मूल ओळखीच्या भाषेत अंदाजाने निभावून नेते. अनोळखी भाषेत तो अंदाज चालत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल, तर त्याला पंडुरोग समजून उपचार करावेत, कारण थकलेले मूल दुप्पट मेहनतीची भाषा शिकू शकत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांत आरोग्य तपासणी होते. त्या तपासणीचे कागद शाळेत पडून राहतात की आपल्यापर्यंत पोचतात, याची चौकशी आपण करू शकतो.

अन्यत्र काय करतात?

तेरेखोल नदीपलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात आपल्यासारखीच बोली बोलणारी मुले मराठी माध्यमातून दहावीपर्यंत शिकू शकतात. तेथील अनेक शाळांनी सेमी-इंग्रजीचा मार्ग धरला आहे. त्यात गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास, भूगोल मराठीतून शिकवितात. या पद्धतीतही त्रुटी आहेत. परंतु मुलाचा निदान अर्धा दिवस तरी समजणाऱ्या भाषेत जातो.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आता परदेशांत आहेत. माझा पुतण्या अमेरिकेत मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी काउंटीत राहतो. त्या एका काउंटीचा शाळाविभाग दोनशेहून अधिक सरकारी शाळा चालवितो. पाचवीपर्यंत प्राथमिक, सहावी ते आठवी मिडल आणि नववी ते बारावी हायस्कूल, या तिन्ही टप्प्यांची जबाबदारी एकाच यंत्रणेवर आहे. त्याची मुलगी येथून दहाव्या वर्षी तिकडे गेली. प्रवेशाच्या वेळी पहिल्या काही प्रश्नांत एक प्रश्न होता : घरी कोणती भाषा बोलता? उत्तरावरून तिची भाषाचाचणी झाली आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी असलेले वेगळे तास तिला मिळाले. यामागे तेथील सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ चा निकाल आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी वंशाच्या सुमारे अठराशे मुलांना भाषेची कोणतीही मदत न देता इंग्रजी वर्गात बसविले जात होते. सारखेच बाक, सारखीच पुस्तके आणि सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. श्रीमंत देशाची बरोबरी आपण करू शकत नाही, हे मान्य. पण तो प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आपल्या शाळांच्या प्रवेश अर्जातही मातृभाषेचा रकाना असतो. तो भरला जातो आणि फाइलीत राहतो.

आता त्या रकान्यात कन्नड, हिंदी, उडिया अशीही उत्तरे येतात. बांधकामावर व हॉटेलांत काम करणाऱ्या कुटुंबांची मुले आपल्या सरकारी शाळांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांना चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीनंतर इंग्रजी, अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

आपण काय करू शकतो?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे म्हटले आहे. सरकार त्याची अंमलबजावणी कशी करील, ते करो. सरकारची वाट न पाहता करण्यासारख्या काही गोष्टी सुचवितो. त्यांतील काही आमच्या परिसरात थोड्या प्रमाणात करून पाहिल्या आहेत.

पहिली, पाचवीच्या प्रारंभीचे दोन महिने हे सांधण्याचे महिने मानावेत. धडा इंग्रजीत वाचावा, समजावून मराठीत सांगावा आणि पारिभाषिक शब्द जोडीने फळ्यावर लिहावेत. अंश आणि न्यूमरेटर, परीघ आणि सर्कमफरन्स, बाष्पीभवन आणि इव्हॅपोरेशन. मुलाला कल्पना ठाऊक असते. तिचे दुसरे नाव तेवढे सांगायचे असते.

दुसरी, चौथीचे शिक्षक आणि पाचवीचे शिक्षक यांची वर्षातून एकदा तरी भेट घडवावी. ही शाळा सरकारी, ती संस्थेची, म्हणून ते एकमेकांना भेटतच नाहीत. पालक-शिक्षक संघ ही बैठक बोलावू शकतो.

तिसरी, पालकांनी अभ्यास इंग्रजीतच घ्यायला हवा, हा समज सोडावा. आईने "आज शाळेत काय शिकलास, ते माका सांग" एवढे आपल्या बोलीत विचारले आणि मुलाने ते आपल्या बोलीत सांगितले, तर निम्मे काम होते. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तीही हे करू शकते.

चौथी, गावातील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, महाविद्यालयात जाणारी मुले यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी पाचवीच्या मुलांसोबत बसावे. शिकवणी नको, सोबत हवी. माझ्या काकांनी जे केले, ते देवळाच्या सभामंडपात दहा मुलांसाठी करता येते. २००९ च्या त्या मुलाला एका निवृत्त मास्तरांनी असेच सहा महिने बसवून घेतले. पोटदुखी कधी थांबली, हे त्याच्या आईलाही नेमके सांगता आले नाही. पुढे दहावी होऊन तो आयटीआयमध्ये गेला.

पाचवी गोष्ट आपल्या संघटनेसाठी. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आपापल्या गावातील पाचवीच्या मुलांचे डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासण्याचे शिबिर आपण घेऊ शकतो. मधुमेहाचे शिबिर आपण दरवर्षी घेतोच.

या सूचना करताना एक कबुली देणे मला भाग आहे. माझी स्वतःची दोन्ही मुले गावच्या मराठी शाळेत गेली नाहीत. ती म्हापशाला पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकली. तेव्हा मला ते योग्य वाटले आणि त्यांचे भलेही झाले. परंतु डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार अशा घरांतील मुले निघून गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर शाळेत जाऊन प्रश्न विचारणारे पालकही निघून गेले. मी ज्या शाळेत शिकलो, तेथे आता बोटांवर मोजण्याइतकी मुले आहेत. जी आहेत, त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. तेवढे तरी आपण करावे.

गेल्या वर्षी एक बाई आपल्या मुलीला सर्दी-तापासाठी घेऊन आल्या. मी नाव लिहू लागलो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "डॉक्टर, माका वळखूक नाय? माझ्या पोटात दुखायचां." १९९८ ची ती मुलगी. आता ती एका गेस्टहाउसमध्ये खोल्या आवरण्याचे काम करते. पर्यटकांशी कामापुरते इंग्रजी ती सहज बोलते. औषध घेऊन उठताना तिने विचारले, "ही औंदा चौथीत आसा. फुडल्या वर्सा हिका खंयच्या शाळेत घालू?"

मी तिला हायस्कुलाचे नाव सांगितले नाही. मुलीला घेऊन मेमध्ये माझ्याकडे ये, डोळे आणि कान तपासू, आणि संध्याकाळी मास्तरांकडे बसायला पाठव, एवढेच म्हणालो. आता मी त्या वर्गाची वेळ ठरविण्याच्या खटपटीत आहे. दहा मुले झाली आहेत; शिकविणारी दोन माणसे आणखी हवी आहेत. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणी मांद्रे, मोरजी, हरमल किंवा पार्से येथे राहत असतील, तर त्यांनी एखादी संध्याकाळ राखून ठेवावी.